इम्युनिटीचं टाइमटेबल

नाहूरकर ओळखायचा कसा? सोप्पं आहे. 'कुठे राहता?' असं विचारलं की तो आधी 'मुलुंड' म्हणतो. समोरच्यानं 'मुलुंडला कुठे?' असा बाउन्सर टाकला की मग हळूच 'म्हणजे तसं नाहूर' असं कबूल करतो. बिल्डरांच्या जाहिरातींनीच शिकवलंय आम्हाला हे. दुसरी खूण म्हणजे फास्ट लोकल. ती आमच्या नाकासमोरून धाडधाड निघून जाते, थांबत नाही. आम्ही पडलो स्लोवाले. त्यामुळे वेळेचं गणित आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. घरातून निघायला दोन मिनिटं उशीर झाला की पुढची गाडी, पुढची गर्दी, लेटमार्क आणि बॉसचा चेहरा... सगळं ओळीनं येतं.

आज टाइमटेबलबद्दलच बोलायचंय. फक्त रेल्वेच्या नाही, आपल्या शरीरातल्या.

सुरुवात केली आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंनी. काका रिटायर्ड, वय त्रेसष्ट, रोज सकाळी एलबीएस रोडवर तीन किलोमीटर चालणार, वर गुळवेल, आवळा, हळदीचं दूध. २०२१च्या फेब्रुवारीत त्यांनी हौसेनं अँटिबॉडी टेस्ट करून घेतली. रिपोर्ट पॉझिटिव्ह! म्हणजे कधीतरी नकळत कोरोना होऊन गेला होता. काका एकदम खूश. १ मार्चला साठीपुढच्यांचं लसीकरण सुरू झालं तेव्हा लिफ्टमध्ये भेटलेल्या प्रत्येकाला ते सांगायचे, 'माझ्याकडे ऑलरेडी स्टॉक आहे. लस गरजूंना द्या.' काकूंनीही टेस्ट केली होती. त्यांची निगेटिव्ह. त्यामुळे घरात हळदीचं दूध डबल झालं.

एप्रिलमध्ये दोघांनाही कोरोना झाला. एकाच घरात, एकाच आठवड्यात. काकूंना दोन दिवस ताप, अंगदुखी, वास गेला... संपलं. काका सतरा दिवस ऑक्सिजनवर. घरी आले तेव्हा त्यांना सोफ्यापासून बाथरूमपर्यंत जायला धाप लागत होती. सकाळचे तीन किलोमीटर आजही पुरे होत नाहीत.

त्यानंतर कितीतरी दिवसांनी एकदा काकू डबा द्यायला आल्या. मी लॅपटॉपवर काम करत होतो. स्क्रीनकडे बघत त्या म्हणाल्या, 'काय रे, तुमच्या त्या कॉम्प्युटरला सगळं कळतं ना? मग विचार ना त्याला. घर एक, व्हायरस एक, स्टॉक ह्यांच्याकडे. मग असं उलटं का झालं?'

मी हसून टाळलं. पण प्रश्न डोक्यातून जाईना. आणि शोधायला लागलो तेव्हा कळलं की काकूंच्याही आधी जगातल्या बऱ्याच हुशार मंडळींनी हाच प्रश्न खरोखरच कॉम्प्युटरला विचारलाय.

लोड टेस्टिंग, पण शरीराचं

आयटीवाल्यांना हे पटकन कळेल. नवी वेबसाइट लाइव्ह करण्याआधी आपण काय करतो? हजारो खोटे युजर तयार करून तिच्यावर सोडतो. कुठे लटकते, कुठे कोसळते ते बघतो. खऱ्या गिऱ्हाइकांवर असा प्रयोग केला तर नोकरी जाईल. बँकेतली मंडळी एक्सेलमध्ये हेच करतात. व्याजदर अर्धा टक्का वाढला तर काय, कर्जं बुडाली तर काय. 'समजा असं झालं तर' हा सिम्युलेशनचा सगळा फंडा.

शरीराच्या बाबतीत तर याची जास्तच गरज. ताप आलेल्या माणसाच्या आत नेमकी किती पेशींची लढाई कुठे चाललीय, हे दर तासाला उघडून बघता येत नाही. रक्त काढलं तर एका क्षणाचा फोटो मिळतो, अख्खा सिनेमा नाही. आणि खरी धुमश्चक्री चालते ती रक्तात कमी, मानेतल्या-काखेतल्या गाठींमध्ये, फुप्फुसात जास्त. तिथे रोज सुई कोण घालू देणार?

१९९२मध्ये फ्रँको चेलादा हे रोगप्रतिकारशास्त्राचे संशोधक आणि आयबीएममधले भौतिकशास्त्रज्ञ फिलिप सायडेन यांनी यावर एक भन्नाट तोडगा मांडला. कॉम्प्युटरवर एक जाळी आखायची, बुद्धिबळाच्या पटासारखी. तिच्या घरांमध्ये वेगवेगळ्या पेशी सोडायच्या. शत्रूला गिळून त्याचे तुकडे दाखवणाऱ्या पेशी, अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशी, हुकूम सोडणाऱ्या टी पेशी. प्रत्येक पेशीच्या अंगावर एक 'कुलूप' असतं, ते शून्य आणि एक अशा आठ आकड्यांचं. शत्रूकडे तशीच एक 'किल्ली'. शून्यासमोर एक आणि एकासमोर शून्य आला की जुळलं. आठ आकडे म्हणजे एकूण २५६ प्रकारची कुलपं. खऱ्या शरीरात हे प्रकार कित्येक कोटी असतात, पण खेळ समजायला २५६ पुरतात.

मग घड्याळ सुरू करायचं. प्रत्येक ठोक्याला पेशी हलतात, एकमेकींना भेटतात, कुलूप जुळलं तर दुपटीनं वाढतात, नाही जुळलं तर काही काळानं मरतात. कोण कुणाला भेटेल हे बरंचसं नशिबावर. अगदी दादर स्टेशनच्या पुलासारखं! पुढे रोममधल्या फिलिप्पो कास्तिलिओने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच कल्पनेतून 'सी-इमसिम' नावाचा प्रोग्रॅम घडवला. त्यात घड्याळाचा एक ठोका म्हणजे शरीरातले आठ तास.

गंमत अशी की या खेळात कुणीही 'लस अशी काम करते' असं लिहून ठेवलेलं नसतं. फक्त भेटीगाठींचे साधे नियम असतात. पण पटावर शत्रू पहिल्यांदा सोडला की अँटिबॉडी सावकाश, आळोखेपिळोखे देत वाढतात. तोच शत्रू काही आठवड्यांनी पुन्हा सोडला की त्या झपकन आणि कितीतरी जास्त वाढतात. कारण पहिल्या वेळी ज्यांची कुलपं जुळली, त्या पेशींची फौज मागे राहिलेली असते. बूस्टर डोसचं जे तत्त्व डॉक्टर आपल्याला सांगतात, ते पडद्यावर आपोआप उगवतं.

एक गोळी, तीन औषधं

'बरं मग? व्हिडिओ गेम झाला हा', असं कुणी म्हणेल. तर थांबा. या प्रकारच्या गणितानं माणसं वाचवली आहेत, आणि त्या गोष्टीत आपली मुंबईही आहे.

नव्वदच्या दशकापर्यंत एचआयव्हीबद्दल एक कोडं होतं. लागण झाल्यावर माणूस आठ-दहा वर्षं ठणठणीत दिसायचा आणि मग कोसळायचा. त्यामुळे अनेकांना वाटायचं की व्हायरस मधली वर्षं झोपून असतो. मग न्यूयॉर्कचे डॉक्टर डेव्हिड हो आणि लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेतले गणिती अॅलन पेरेलसन एकत्र आले. त्यांनी केलं काय, तर रुग्णांना नवा व्हायरस बनणं रोखणारं औषध दिलं आणि रक्तातला व्हायरस किती वेगानं कमी होतो ते मोजलं.

साधं उदाहरण घ्या. चर्चगेट स्टेशनात गर्दी कायम सारखीच दिसते. म्हणजे तीच माणसं तिथे उभी आहेत का? नाही. जितकी आत येतात तितकीच बाहेर जातात. आत येणारं गेट बंद केलं आणि स्टेशन दहा मिनिटांत रिकामं झालं, तर कळतं की लोंढा केवढा होता.

१९९६मध्ये छापून आलेल्या त्यांच्या हिशेबानं सगळे चक्रावले. शरीरात दिवसाला सरासरी १००० कोटी नवे व्हायरस तयार होत होते आणि जवळपास तितकेच मारले जात होते. रक्तातले निम्मे व्हायरस सहा तासांत बदलत होते. म्हणजे ती आठ-दहा वर्षं झोपेची नव्हती, रोजच्या घनघोर युद्धाची होती. रुग्णाला त्याचा पत्ताच नव्हता.

यातून पुढचा हिशेब निघतो. एचआयव्हीचा जनुकीय मजकूर साधारण दहा हजार अक्षरांचा. नक्कल करताना तो दर तीसेक हजार अक्षरांमागे एखादी चूक करतो. दिवसाला १००० कोटी नकला! म्हणजे एका अक्षराचा जो कुठला बदल शक्य आहे, तो रोज कुठे ना कुठे होतोच. एका औषधाला चकवायला कधीकधी एवढा एकच बदल पुरतो. त्यामुळे एकच औषध दिलं तर ते हरणार, हे जवळपास ठरलेलं. पण तीन औषधांना एकाच वेळी चकवणारे सगळे बदल एकाच व्हायरसमध्ये येणं फारच अवघड. म्हणून तीन औषधं, एकत्र आणि न चुकता. त्याच सुमाराला तीन औषधांचे उपचार सुरू झाले आणि एचआयव्ही म्हणजे मरणच, हे समीकरण मोडलं.

फक्त ते उपचार वर्षाला दहा-पंधरा हजार डॉलरचे होते. २००१मध्ये आपल्या मुंबईच्या सिप्लानं तीन औषधं दिवसाला एका डॉलरपेक्षाही कमी किमतीत द्यायची तयारी दाखवली आणि तिन्ही एकाच गोळीत बसवली. भारतात सरकारी दवाखान्यांतून मोफत उपचार १ एप्रिल २००४ला सुरू झाले, पहिल्या राज्यांत महाराष्ट्र होता. आज जो माणूस रोज गोळी घेऊन तुमच्या शेजारच्या क्युबिकलमध्ये मजेत काम करतोय, त्याच्या त्या गोळीमागे डॉक्टर, केमिस्ट, कार्यकर्ते आहेत, तसं थोडं गणितही आहे.

मुंबईचा आलेख

आता एक पाऊल मागे. कारण गणितावर लगेच फिदा व्हायचं नाही, हा धडाही मुंबईनंच दिलाय. तोही कॉम्प्युटर यायच्या आधी.

परळला उतरून ऑफिसला जाणाऱ्यांनी हाफकिन इन्स्टिट्यूटचं नाव ऐकलेलं असेल. १८९६मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्देमार हाफकिन यांनी काही महिन्यांत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांच्याकडे सिम्युलेशन नव्हतं. 'समजा असं झालं तर'चा प्रयोग त्यांनी स्वतःच्या दंडावर केला!

प्लेग पुढेही दर हिवाळ्यात परतत राहिला. १९२७मध्ये एडिनबर्गच्या दोघांनी साथींचं एक गणित मांडलं. एक अँडरसन मॅकेंड्रिक, इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये काम केलेले डॉक्टर. दुसरे विल्यम केरमॅक, प्रयोगशाळेतल्या अपघातात दृष्टी गेलेले रसायनशास्त्रज्ञ. शहरातल्या लोकांचे त्यांनी तीन गट पाडले. लागण होऊ शकते ते, लागण झालेले, आणि बरे झालेले किंवा गेलेले. एका गटातून दुसऱ्यात माणसं किती वेगानं सरकतात, त्याची समीकरणं. आणि ती पडताळायला त्यांनी आकडे घेतले मुंबईतल्या प्लेगच्या मृत्यूंचे, डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातले. आलेख सुंदर जुळला. कोरोनाच्या काळात टीव्हीवर ज्या 'लाटा' आपण रोज पाहिल्या, त्यांच्यामागच्या गणिताचा मूळपुरुष हाच. आणि त्यातला पहिला आलेख आपल्या शहराच्या मरणांचा.

पण गोम कुठे आहे? ते गणित लागण माणसाकडून माणसाला होते, असं धरून चाललं होतं. मुंबईतला प्लेग प्रामुख्यानं उंदरांच्या पिसवांमुळे पसरत होता, आणि ऊन वाढलं की ओसरत होता. तरी आलेख जुळला! म्हणजे वळण जुळलं म्हणून कारण सापडलं, असं होत नाही. हे वाक्य प्रत्येक पॉवरपॉइंटवाल्यानं डेस्कवर चिकटवावं.

खोटी मुंबई, खरं रक्त

२०२०मध्ये लोकल बंद पडल्या, नाहूरच्या प्लॅटफॉर्मवर कुत्री निवांत झोपायला लागली, तेव्हा कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये आणि बंगळुरूच्या आयआयएससीमध्ये एक खोटी मुंबई उभी राहत होती. संदीप जुनेजा, राजेश सुंदरेशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉम्प्युटरवर १ कोटी २४ लाख मुंबईकर तयार केले. प्रत्येकाला घर, कुटुंब, वय, शाळा नाहीतर ऑफिस. झोपडपट्टीतली घरं वेगळी, इमारतीतली वेगळी. मग त्यात व्हायरस सोडून विचारायचं, ऑफिसं वीस टक्के उघडली तर? लोकल सुरू केल्या तर? हॉस्पिटलात खाटा पुरतील का? नगरसेवक, डॉक्टर आणि अधिकारी यांना खऱ्या शहरावर जे करून बघणं परवडणार नव्हतं, ते तिथे करून बघता येत होतं.

पण खोट्या शहराला खरे आकडे लागतातच. ते रक्तातून आले. जुलै २०२०मध्ये महापालिका, नीती आयोग आणि टीआयएफआरनं तीन वॉर्डांत, म्हणजे माटुंगा, चेंबूर आणि दहिसर या भागांत, जवळपास सात हजार लोकांच्या अँटिबॉडी तपासल्या. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांना लागण होऊन गेली होती, इमारतींत फक्त १६ टक्के. भांडुप-मुलुंडकडचा एकही वॉर्ड त्यात नव्हता, पण आकडे ऐकून आमच्या सोसायटीतही मीटिंग झाली होती.

पुढे शहर 'हर्ड इम्युनिटी'च्या आसपास पोचतंय, असे अंदाज छापून यायला लागले. आणि मग दुसरी लाट आली. ४ एप्रिल २०२१ला मुंबईत एका दिवसात ११,१६३ रुग्ण सापडले. डेल्टा नावाचा जास्त वेगानं पसरणारा नवा अवतार आला होता. जुन्या मॉडेलमध्ये तो नव्हताच. कसा असणार? आणि इमारतींतली बहुतेक जनता अजून कोरीच होती, हे १६ टक्क्यांनी आधीच सांगितलं होतं.

म्हणजे मॉडेल चुकलं का? मला विचाराल तर आपण वाचायला चुकलो. मॉडेल म्हणत होतं, 'परिस्थिती अशीच राहिली तर'. आपण 'तर'च्या आधीचं सगळं गाळून हेडलाइन वाचली. काकांनी रिपोर्ट वाचला, अगदी तस्साच.

मग काकांचं काय झालं?

काकांच्या रिपोर्टमध्ये एक आकडा होता. आपल्यापैकी बहुतेकांच्या डोक्यात इम्युनिटी म्हणजे मोबाइलची बॅटरी. चार काड्या दिसल्या की निश्चिंत. पण अँटिबॉडी म्हणजे सगळी फौज नव्हे. शिवाय सगळ्या अँटिबॉडी व्हायरसला रोखतातच असं नाही, काही नुसत्या चिकटून बसतात. आणि टेस्ट चुकून पॉझिटिव्हही येऊ शकते. उलट बाजूनं, लागणीनंतर काही महिन्यांनी अँटिबॉडी कमी होतात, पण आठवण ठेवणाऱ्या पेशी मागे राहू शकतात. मार्च २०२१मध्ये महापालिकेनं शहरभरचे नमुने तपासले तेव्हा झोपडपट्टीतला आकडा साधारण ४२ टक्के आला. नमुने घ्यायची पद्धत वेगळी होती, त्यामुळे ५७शी थेट तुलना करता येत नाही. पण आकडा उतरला म्हणजे संरक्षण तेवढंच उतरलं, असंही म्हणता येत नाही.

तर मग फरक पडतो कशानं? आयआयएससीचे नरेंद्र दीक्षित यांच्या गटानं नेमका काकूंचाच प्रश्न कॉम्प्युटरला घातला. दीक्षित यांनी पूर्वी त्याच पेरेलसन यांच्याबरोबर काम केलेलं. त्यांनी कोरोना झालेल्या शरीराचं गणिती मॉडेल केलं, २०२२मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्यात फौजेचे दोन भाग होते. पहिला, जन्मजात प्रतिकार. शत्रू कोण हे न बघता तासाभरात 'इंटरफेरॉन'चा भोंगा वाजवणारा. दुसरा, किलर टी पेशी. यांना शत्रू ओळखून तयार व्हायला दिवस लागतात, पण मग त्या लागण झालेली पेशीच उडवतात.

नाहूरच्या भाषेत सांगू? पहिली स्लो लोकल. लगेच येते, प्रत्येक स्टेशनला थांबते. दुसरी फास्ट. उशिरा सुटते, पण सुटली की सुटली. स्लोनं तोवर गर्दी थोडी तरी उचलली नाही, तर फास्ट येईपर्यंत प्लॅटफॉर्म इतका भरतो की चेंगराचेंगरीच.

मॉडेलमध्ये या दोघींची ताकद आणि वेळ, एवढंच बदलत गेलं तर लक्षणंसुद्धा नसलेल्या माणसापासून ते जीव गमावणाऱ्यापर्यंत सगळे प्रकार पडद्यावर उमटले. व्हायरस तोच! मग त्यांनी खऱ्या रुग्णांचे, रोजच्या रोज व्हायरस मोजलेले आकडे त्यात घातले. सौम्य आजार झालेल्यांमध्ये पहिली, जन्मजात फळी गंभीर रुग्णांपेक्षा जास्त जोरकस निघाली आणि किलर टी पेशीही जास्त तल्लख.

आलेख जुळला म्हणून कारण सापडलं असं नाही, हे आपण आत्ताच शिकलो. म्हणून रक्ताची साक्ष हवी. ती २०२०मध्येच मिळाली होती. जगभरातल्या संशोधकांनी मिळून ९८७ गंभीर कोरोना रुग्ण तपासले. त्यातल्या १०१ जणांच्या रक्तात भलत्याच अँटिबॉडी सापडल्या, स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणाऱ्या. म्हणजे भोंग्याची वायरच कापलेली. सौम्य आजार झालेल्या ६६३ जणांत अशी एकही व्यक्ती नव्हती. आणि त्या १०१ जणांपैकी ९५ पुरुष होते, बरेचसे वयस्कर.

काकांचंही असंच झालं होतं का? कुणी तपासलं नाही, त्यामुळे सांगता येणार नाही. दहातल्या एकाच गंभीर रुग्णाचं हे कारण होतं, बाकीच्यांची वेगळी. पण रोज चालणारा, गुळवेल पिणारा, रिपोर्टमध्ये 'स्टॉक' असलेला माणूस कोसळू शकतो आणि त्यात त्याचा काही दोष नसतो, एवढं मात्र नक्की कळलं.

तुमच्या-आमच्यासाठी

आता तुम्ही म्हणाल, यातून आम्ही करायचं काय? तर सांगतो.

एक, 'इम्युनिटी बूस्टर' लिहिलेली बाटली उचलताना स्वतःला विचारा की नेमकं काय बूस्ट होणार. फौज वाढवणं सोपं वाटतं, पण उशिरा आणि बेफाम उसळलेली फौज स्वतःचंच फुप्फुस पोखरते. कोरोनात अनेकांचं तेच झालं. आवळा खा, चांगला लागतो. फक्त त्याला विमा समजू नका.

दोन, लस म्हणजे स्टॉक वाढवणं नाही, टाइमटेबल सुधारणं. अनोळखी शत्रूला ओळखायला शरीराला आठवडा-दहा दिवस लागतात. ओळखीचा असेल तर बराच वेळ वाचतो. हे वाचलेले दिवसच कधीकधी घर आणि हॉस्पिटल यांच्यातलं अंतर असतं.

तीन, डॉक्टरांनी गोळ्या जितके दिवस सांगितल्या तितके दिवस घ्या. १००० कोटींचा हिशेब आठवा.

चार, कॉम्प्युटरचा आलेख दिसला की 'हे काय धरून काढलंय?' असं विचारा. कोरोनाच्या काळात कितीतरी प्रयोगशाळांनी कॉम्प्युटरवर लशी रचल्या आणि सी-इमसिममध्ये टाकून छान चढते आलेख छापले. त्यातून कुठे शोधायचं याची दिशा मिळते. लस मिळायला मात्र उंदीर, माणसं आणि वर्षं लागतातच.

परवा रविवारी हे सगळं काकूंना सांगितलं. स्लो, फास्ट, भोंगा, वायर. काका शेजारी बसून ऐकत होते. त्यांनी काही विचारलं नाही. थोड्या वेळानं म्हणाले, 'म्हणजे मी माजलो होतो म्हणून झालं नाही.'

इतकी वर्षं ते हे मनात धरून होते, हे काकूंनाही ठाऊक नसावं. त्या दोन क्षण गप्प बसल्या आणि मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, 'माजला होतातच. लस घ्या म्हणून मी तीनदा सांगितलं होतं. ते काही कॉम्प्युटरला विचारायला नको.'

या वेळी फ्लूची लस घ्यायला दोघंही बरोबर गेले. काका रांगेत पुढे होते.